मावशीचा ताप

"येत्या रविवारी तू मावशीत बसशील, आणि चक्क पाय खाली सोडून बसशील! माझा शब्द आहे!"

चष्मेवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हातातला चमचा सेनापतीच्या तलवारीसारखा उंच गेला होता. बायकोने वर न बघता पाण्याचा पेला त्यांच्यापासून लांब सरकवला. शेजारी विणत बसलेल्या सासूबाईंचा एक टाका सुटला. बस्स, एवढाच परिणाम!

मावशी म्हणजे चष्मेवाल्यांची जुनी मोटार. गोल डोळ्यांसारखे दिवे, फुगीर मडगार्ड, दुधी हिरवा रंग. अंगाने भरलेली, हौसेने नटलेली आणि जरा मनाविरुद्ध झालं की तापणारी, म्हणून तिचं नाव मावशी. चष्म्यांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर काचा चढवून दमले की चष्मेवाले संध्याकाळी मावशीचे दिवे पुसत बसायचे. जीव होता त्यांचा तिच्यावर!

पण तापणं म्हणजे साधंसुधं नव्हे. इंजिनातून निघणारी धुराची नळी नेमकी शेजारच्या सीटच्या पायांखालून मागे जायची. गाडी बाजारापर्यंत गेली नाही तोच तिथला पत्रा तव्यासारखा व्हायचा! चष्मेवाल्यांच्या मेहुण्याने एकदा मांडी घालून प्रवास केला, तर उतरताना मांडी सुटेना. दोघांनी मिळून त्याला पुडक्यासारखा उचलून बाहेर ठेवला. सासूबाईंनी लोण्याची बरणी पायाशी ठेवली, घरी तूप उतरलं. आणि बायको? ती एका समारंभाला नवे सँडल घालून ऐटीत निघाली. पोचल्यावर एक पाय बाहेर आला, दुसरा येईना! सँडलचा तळ वितळून पत्र्याला असा चिकटला होता की पाय आला, सँडल राहिला. पाहुण्यांसमोरून ती एका पायाने उंच आणि एका पायाने बुटकी अशी चालत गेली. त्या दिवसापासून तिने मावशीत पाय ठेवला नव्हता.

"ठेवायचाच कसा?" असं तिचं म्हणणं.

गॅरेजवाल्याने तर हात झटकले होते. "अहो, गाडी म्हातारी झाली. म्हातारपणी माणूस नाही का तापत?"

आणि आता बायकोने अट घातली होती. रविवारी तिच्या गायनमंडळाची स्पर्धा होती. आठ बायका, वर्षभराची तालीम, आणि मागच्या वर्षी शेवटून पहिला नंबर! यंदा काहीही करून पलीकडच्या वस्तीतल्या मंडळाची जिरवायची होती.

"रविवारी मी तुमच्या मावशीतून जाईन," बायको म्हणाली. "पण पायाला जरा जरी चटका बसला, तर सोमवारी हॉटेलवाल्याला फोन करीन."

कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला मावशी हवी होती. चालवायला नव्हे! हॉटेलच्या दारात उभी करून इंजिनाच्या जागी माती भरायची आणि त्यात फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत होता. मावशीच्या छातीत शेवंती! नुसत्या कल्पनेनेच चष्मेवाल्यांना घास गिळवेना.

म्हणूनच त्यांनी उपाय शोधून काढला होता. धुराच्या नळीभोवती गुंडाळायची एक खास पट्टी मिळते. काचेच्या धाग्यांनी विणलेली, रुंद, पांढरी, थेट मोडलेल्या पायाला बांधतात तशी. ती गुंडाळली की नळीतला ताप नळीतच राहतो आणि मागच्या मागे निघून जातो. चष्मेवाल्यांनी गुंडाळीच घरी आणली. खोक्यावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं, पण स्वतःचा चष्मा ते दुकानात विसरले होते. अख्ख्या गावाला नजर देणारा माणूस खोकं नाकाला लावून, लांब धरून, तिरपं करून पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पट्टी गुंडाळायला काय वाचायचंय त्यात!"

गुरुवारी दुकान लवकर बंद करून ते बनियन आणि जुन्या पायजम्यावर मावशीखाली शिरले. पट्टी ओली करायची एवढं दुकानदाराने तोंडी सांगितलं होतं, म्हणून ती बादलीत बुडवली. मग गुंडाळायला घेतली. उताणं पडून, एक पाय चाकाला लावून, तोंडात तारेचे तुकडे धरून! पट्टीचे ओले धागे मानेवर, छातीवर, दंडांवर झडत होते, पण कलावंताला त्याचं काय! काम झाल्यावर ते बाहेर सरकले आणि वाकून पाहू लागले. मावशीचा पाय कसा छान बांधला गेला होता!

"झालं!" ते घरात शिरत ओरडले. "मावशीला पट्टी बांधली!"

"कुणाच्या मावशीला? काय झालं तिला?" सासूबाई दचकून उठल्या. त्यांना तीन सख्ख्या मावश्या होत्या, त्यातल्या दोघी हयात. त्यांनी तिघींचा विचार करून डोळ्याला पदर लावला. त्यांना समजावण्यात थोडा वेळ गेला आणि त्या वेळात चष्मेवाल्यांना मानेशी पहिली मुंगी चावली.

निदान त्यांना ती मुंगी वाटली. मग दुसरी. मग सगळं वारूळ! त्यांनी बनियन आणि पायजमा धुण्याच्या टोपलीत फेकला आणि गरम पाण्याने खसाखसा आंघोळ केली. गरम पाण्याने ती खाज अशी काही खुलली की बस्स! अंग पुसलेला टॉवेलही टोपलीत गेला.

संध्याकाळी बायकोने मंडळाचे झगे धुवायला काढले. गळ्यापासून घोट्यापर्यंतचे निळेशार झगे, बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे. आठ बायकांचे आठ आणि गायनबाईंचा एक. ते धुऊन इस्त्री करायची जबाबदारी तिची होती. मशीनमध्ये थोडी जागा उरली. अर्धवट मशीन चालवणं म्हणजे तिच्या मते पापच! तिने टोपली उचलली आणि बनियन, पायजमा, टॉवेल, सगळं वरून कोंबलं. आणखी एक उशीचा अभ्रा आणि आईचं लुगडंही.

मशीन घरघरू लागलं. निळ्या पाण्यात काचेचे धागे सुखाने पोहू लागले.

शुक्रवारी दुकानात चष्मेवाले एका गिऱ्हाइकाला अक्षरांच्या पाटीसमोर बसवून विचारत होते, "वरची ओळ दिसते का?" आणि विचारताना त्यांचा डावा हात उजव्या काखेत, उजवा हात डाव्या पोटरीवर!

"ओळ दिसते," गिऱ्हाईक उठून उभं राहत म्हणालं, "आणि बाकीचंही सगळं दिसतंय. मी पुन्हा कधीतरी येतो!"

घरी आले तर बायको दाराच्या चौकटीला पाठ घासत होती. सासूबाई विणायची सुई पाठीत घालून डोळे मिटून बसल्या होत्या.

"जावईबापू," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "या घरात काहीतरी शिरलंय!"

तिघेही डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी भिंग लावून तीन पाठी पाहिल्या आणि हळूच आपली खुर्ची चाकांवरून भिंतीपर्यंत मागे नेली.

"खरूज!" ते तिथून म्हणाले. "एकाला झाली की सगळ्यांना होते. कुणाकुणाच्या जवळ जाता तुम्ही?"

"मी गायनमंडळात आहे," बायकोचा आवाज चिरकला. "सगळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहतो."

"लांब उभ्या राहा!"

घराच्या दारात आल्यावर बायको चष्मेवाल्यांचा हात धरून म्हणाली, "अहो, रविवारपर्यंत कुणाला कळता कामा नये. वर्षभर घसा फोडलाय हो आम्ही!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिने हात पटकन सोडला, कारण तो तिला खाजवायला हवा होता. "निदान झगे तरी चांगले कडकडीत पाण्यात धुतलेत. या घरात तेवढीच एक स्वच्छ वस्तू आहे!"

शनिवारच्या तालमीला ती हातमोजे घालून गेली आणि बाकीच्या बायकांपासून लांब, दारापाशी उभी राहिली. गायनबाई म्हणजे मंडळाच्या सेनापती. सडपातळ, करड्या आवाजाच्या, आणि हाताच्या इशाऱ्यांवर आठ बायकांना नाचवणाऱ्या. हात वर गेला की सूर वर, हात भरभर हलला की लय भरभर. बाईंचा हात बघायचा आणि गायचं, डोकं चालवायचं नाही, हा मंडळाचा नियम.

"तुम्ही तिकडे का उभ्या?" बाईंनी विचारलं.

"लांबून सूर चांगला लागतो, बाई."

"आणि हातमोजे?"

"सूर... गार लागतो."

बाईंनी डोळे बारीक केले. दारापाशी उभी राहणारी बाई दाराबाहेर जायच्या विचारात असते, हा त्यांचा जुना अनुभव. पलीकडच्या मंडळाने हिला फोडलं तर नाही ना? "उद्या मी तुमच्याच गाडीतून येणार," त्या म्हणाल्या. "तुमच्यावरून नजर हलवणार नाही मी!"

रविवार उजाडला. चष्मेवाल्यांनी मावशी दारात उभी केली. इतके दिवस खाजवण्यातून हात मोकळे झाले नव्हते, त्यामुळे पट्टी बांधल्यापासून आज ती पहिल्यांदाच निघत होती. झग्यांची बॅग डिकीत गेली. मागे बाई आणि सासूबाई बसल्या. बायको पुढे बसली आणि तिने पाय अधांतरी धरले.

"ठेव खाली!" चष्मेवाले म्हणाले.

"थांबा जरा. तापू तर द्या तिला."

गाडी बाजार ओलांडून गेली, पूल चढली. बायकोचे पाय दमले. तिने एक टाच टेकवली, मग पाऊल, मग दुसरं पाऊल. चष्मेवाले रस्ता सोडून तिच्या पायांकडेच बघत होते.

"अगं बाई!" ती म्हणाली. "गार आहे हो!"

आणि हसली! मावशीत बसून हसली! चष्मेवाल्यांना पूल, नदी, आकाश, सगळं एकदम धुंद, अंधूक दिसायला लागलं.

"धुकं पडलंय का?" मागून बाईंनी विचारलं.

धुकं नव्हतं. नवी पट्टी पहिल्यांदा तापते तेव्हा धूर सोडते, असं खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं! मावशीच्या पोटाखालून पांढऱ्या धुराचे लोट निघत होते. मागून एक मोटरसायकलवाला हात हलवत जवळ आला, "अहो काका, पेटलीय!" एवढं ओरडला, खोकला, आणि धुरात दिसेनासा झाला.

"लक्ष देऊ नका," चष्मेवाले म्हणाले. "जळतात लोक!"

"लोक जळतात की गाडी?" सासूबाईंनी विचारलं.

सभागृहाच्या फाटकात मावशी शिरली ती ढगात बसून उतरल्यासारखी! पायऱ्यांवर पलीकडचं मंडळ फोटो काढत उभं होतं. ते किंचाळत आत पळालं. पहिल्या रांगेची जागा धरायला आलेला हॉटेलवाला तिथेच होता, तो खांबाआड गेला. सभागृहाचा रखवालदार मात्र शूर. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेलं आग विझवायचं लाल नळकांडं एकदा तरी वापरायला मिळावं म्हणून तो झुरत होता. तो धावत आला. नेमके त्याच वेळी चष्मेवाले नळी बघायला खाली वाकले. फस्स्स!

फेस ओसरला तेव्हा मावशीखालची पट्टी भिजून चिंब लोंबत होती आणि तिच्याशेजारी डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र असा एक पुतळा उभा होता. पुतळ्याने डोळे उघडले.

"आहाहा!" तो म्हणाला. गुरुवारपासून पहिल्यांदाच त्याची खाज थांबली होती.

बायका झगे घालायला आत धावल्या. चष्मेवाल्यांना कुणी खुर्चीवर बसू देईना, म्हणून ते मागच्या भिंतीशी ओघळत उभे राहिले. पडदा वर गेला. आठ निळ्या बायका, त्यांच्यासमोर निळ्या बाई. बायको पुन्हा एका टोकाला, जरा फटकून. गाणं होतं संथ वाहणाऱ्या नदीवरचं. बाईंनी हात उचलला आणि नदी वाहू लागली, शांत, गंभीर.

पहिलं कडवं निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्या कडव्यात बाईंच्या मानेशी काहीतरी चावलं.

बाई शिस्तीच्या. त्यांनी सहन केलं, आणखी सहन केलं, आणि शेवटी उजवा हात मानेकडे नेला. हात वर गेला, तसा आठ बायकांचा सूर वर गेला! बाई दचकल्या. हात मानेवर भरभर चालू लागला, तशी लयही भरभर. संथ नदीला एकदम पूर आला! तेवढ्यात डावा हात पाठीकडे गेला. मंडळाला हा इशारा नवीन होता, पण डोकं चालवायचं नाही हा नियम. डावीकडच्या चौघी गरकन वळून प्रेक्षकांकडे पाठ करून गाऊ लागल्या.

आणि मग झग्यांनी आपलं काम सुरू केलं. एक खांदा उडाला. दुसरा उडाला. एका बाईने शेजारणीच्या पाठीला पाठ घासली, शेजारणीने कृतज्ञतेने परत घासली. "खळखळ खळखळ वाहे पाणी" या ओळीला आठही जणी नखशिखांत थरथरत होत्या! सभागृह श्वास रोखून बघत होतं. असं गाणं कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटचा सूर बाईंनी दोन्ही हात डोक्यावरून मागे टाकून, पाठीपर्यंत पोचायची शिकस्त करत लावला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले.

मागच्या भिंतीशी चष्मेवाले मात्र थिजले होते. आठ नाही, नऊच्या नऊ जणी! एका टोकाला फटकून उभ्या राहिलेल्या बायकोकडून एका कडव्यात नऊ जणींना खरूज होते होय? सगळ्यांत सारखं काय? झगे! झगे कशात धुतले? त्यांच्या डोळ्यांपुढे मशीन घरघरलं, बनियन दिसला, आणि बनियनवरचे ते चमकणारे बारीक धागे.

"मेलो!" ते म्हणाले.

परीक्षकांनी निकाल सांगितला. सुराला अंगाची जोड दिल्याबद्दल, नदीचा थेंब न् थेंब अंगावर शहारवल्याबद्दल, पहिलं बक्षीस! बाईंनी करंडक घेतला आणि त्याच्या कडेने खांदा घासला.

मंचामागच्या खोलीत मात्र बायको एका कोपऱ्यात रडत होती. "मला हात लावू नका कुणी! मी पापी आहे! मला खरूज झालीय, आणि ती मी तुम्हा सगळ्यांना दिली!"

बायका दोन पावलं मागे सरकल्या. बाईंनी करंडक खाली ठेवला.

दारात फेस वाळलेले चष्मेवाले उभे होते. आता गप्प राहिलं तर मावशी वाचत होती. औषधाने आठवड्यात सगळ्यांची खाज गेली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. पण बायकोला असं रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सँडल चिकटला होता तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. त्यांनी मनातल्या मनात मावशीच्या छातीत शेवंती लावली.

"खरूज नाहीये ती," ते म्हणाले. "काच आहे."

"काय आहे?" नऊ आवाज एका सुरात.

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, बनियन, मशीन, न वाचलेलं खोकं. सांगताना ते जमिनीकडे बघत होते.

"म्हणजे," बाई खाजवत, एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "हे पहिलं बक्षीस आम्हाला तुमच्या गाडीच्या धुराड्यामुळे मिळालं?"

"तसंच... म्हणावं लागेल."

बाईंचे ओठ थरथरले. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आणि मग करड्या आवाजाच्या त्या बाईंच्या तोंडून असं काही खिदळणं फुटलं की ते ऐकून आधी एक हसली, मग दोन, मग सगळ्या! हसता हसता खाजवत होत्या, खाजवता खाजवता हसत होत्या. बायकोही हसली. डोळे पुसत ती चष्मेवाल्यांच्या वाळलेल्या पांढऱ्या नाकावर टिचकी मारून म्हणाली, "खोटं बोलला असतात तर मात्र शेवंतीच लावली असती!"

तिकडे हॉटेलवाला स्वतःच पुढे आला होता. "साहेब, राग मानू नका," तो हात जोडून म्हणाला, "पण पेटणारी कुंडी आपल्याला नको!"

परतताना मावशीचा मागचा भाग बाई, सासूबाई आणि करंडक यांनी भरला होता. धूर थांबला होता. बायकोने पाय ऐसपैस पसरले होते. पायाला खरोखरच गार वारा लागत होता. चष्मेवाल्यांची छाती इतकी फुगली की हॉर्न आपोआप वाजायचा बाकी होता. पुलाच्या चढावर ते म्हणाले, "मान्य कर ना आता! पट्टीने काम केलं की नाही?"

"केलं हो!"

आणि धाड! मावशीने तोफ डागल्यासारखा आवाज केला. धडधडधडधड! पुलावरची कबुतरं उडाली. फेसाने भिजलेल्या पट्टीचं ओझं जुन्या गंजक्या नळीला सोसलं नव्हतं. मागचा अर्धा तुकडा मोडून रस्त्यात पडला होता. चष्मेवाले उतरले, धावत मागे गेले आणि पट्टीत गुंडाळलेला तुकडा तान्ह्या बाळासारखा उचलून घेऊन आले. डिकीत झगे होते, मागे जागा नव्हती. त्यांनी तो बायकोच्या मांडीवर ठेवला.

"अहो, हे काय! आत्ता तर इंजिनाला लागलेलं होतं हे!"

"तेच तर!" चष्मेवाले त्या धडधडाटावर आवाज चढवून आनंदाने ओरडले. "आत्ता इंजिनाला होतं, आणि तू ते हातात धरलंयस! याला म्हणतात काम! सांग, भाजतंय का? जरा तरी भाजतंय का?"

बायकोने नळी घट्ट धरली, ओठ आवळले, आणि पूल संपेपर्यंत धीर धरला.

"भाजत नाहीये हो," ती किंचाळली, "खाजतंय!"